मशीन नंबर दोनचं वाक्य

"अर्थ झाला. आता वाक्य दे."

असं म्हणून काकू उजवा तळहात पुढे करायच्या. देवळात तीर्थ घेताना करतात तसा, जरा खोलगट. समोरची बाई बोलेपर्यंत हात तसाच राहायचा, त्याला बेसन लागलेलं असो की तिखट. वाक्य आवडलं की मूठ मिटायच्या आणि कनवटीला लावायच्या, जणू आत खरंच काही पडलं आहे. नाही आवडलं तर हात झटकायच्या. "खोटं आहे. दुसरं दे."

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. जिथे काम करते तिथली मालकीण नसते, मुकादम नसते, पण चहा आला की पहिला कप तिच्यापुढे जातो. इंदौरला मल्हारगंजच्या आमच्या नमकीनच्या कारखान्यात काकू तशा होत्या. खाली कारखाना, वर सेठजींचं घर. आम्ही तीस-बत्तीस जणी सेव आणि मिक्सचर पाकिटात भरायचो. मराठी बायका त्यांना काकू म्हणायच्या, बाकीच्या काकीजी. खरं नाव मला फार उशिरा कळलं. ते मी इथे लिहीत नाही.

काकूंचं वय पंचावन्नच्या पुढे, नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. शाळा आठवीपर्यंत. गुडघे पार गेलेले. दिवसभर उभं राहायचं काम, त्यामुळे बसताना आणि उठताना त्या गुडघ्यांना शिव्या द्यायच्या, त्याही मालवीतून. मराठीतून शिव्या देणं बरं दिसत नाही म्हणायच्या. त्यांचे कोणी पणजोबा होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायचे म्हणे. "घोडा झोपतो पण उभाच," काकू सांगायच्या. "आमच्या घराण्याला बसणं माहीतच नाही."

मग एका सकाळी सेठजींनी सगळ्यांना चौकात बोलावलं आणि सांगितलं की कारखाना इथून उठणार. पीथमपूरच्या बाजूला नवीन प्लांट उभा राहिला आहे. मशिनी सगळ्या नव्या, काम खुर्चीवर बसून. न्यायला आणि सोडायला बस.

"खुर्चीवर?" काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं.

"हाँ काकीजी, खुर्सी पे. पर बीसच लोग लेंगे."

मशिनींवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं. म्हणून ज्यांना ते शब्द येतील त्यांनाच घेणार. त्यासाठी कंपनीत एक मॅडम आल्या होत्या, पुण्याच्या, वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. त्यांनी आम्हाला एकेक कागद वाटला. त्यावर चाळीस शब्द. प्रत्येक शब्द इंग्रजीत, शेजारी नागरीत, पुढे हिंदीत अर्थ, आणि खाली एक इंग्रजी वाक्य. मॅडम म्हणाल्या, "नुसतं पाठांतर नको. मी एकेकीला शब्द विचारीन. तुम्ही अर्थ सांगायचा आणि स्वतःचं वाक्य करायचं. दीड महिना आहे तुमच्याकडे." मग आमचं बोलणं ऐकून हसल्या. "किती गोड आहे हो तुमची मराठी."

त्या गेल्यावर काकू म्हणाल्या, "गोड म्हणजे? अपन काय जलेबी आहोत?"

पण कागद त्यांनी घडी करून पोलक्यात ठेवला. खुर्ची हा शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून मी पाच-सहा वेळा ऐकला. बाकीच्यांना बसचं कौतुक होतं, मला पगार चालू राहण्याची काळजी. काकूंना बसायला पाहिजे होतं. इतकंच पाहिजे होतं त्यांना, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शाळा भरली. काकू पालथ्या क्रेटवर, आम्ही खाली.

कागदावरची वाक्यं त्यांना पसंत नव्हती. "रीटा हॅज अ रेड बॅग," त्यांनी वाचलं. "ही रीटा कोण? इथे कोणी रीटा आहे? हिची बॅग लाल असो नाहीतर काळी, मला काय त्याचं? असलं वाक्य दोन दिवसांत उडून जातं. वाक्य आपलं पाहिजे आणि खरं पाहिजे. खरं वाक्य विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही."

अर्थसुद्धा त्या आपल्या पद्धतीने करायच्या. "वेट म्हणजे काम संपलेलं असतं आणि घरी जायला मिळत नसतं, ते." "डॅमेज म्हणजे वस्तू आहे, पण पहिल्यासारखी नाही." "लीक म्हणजे ठेवलंय एका जागी आणि निघालंय दुसऱ्या जागी." अर्थ झाला की हात पुढे.

गीता नावाची एक मालवी बाई होती आमच्यात, बोलायला फटाकडी. हेवी शब्द आला तेव्हा ती लगेच म्हणाली, "सेठजी इज हेवी." हसून हसून एकीला ठसका लागला. काकूंनी गंभीर चेहऱ्याने मूठ मिटली. "खरं आहे. पास." क्लीन आला तेव्हा एकीने कौतुकाने वाक्य केलं, "इंदौर इज क्लीन." काकू म्हणाल्या, "अर्धंच खरं आहे. पूर्ण कर." मग स्वतःच पूर्ण केलं, "इंदौर इज क्लीन. अवर बाथरूम इज नॉट क्लीन." ते वाक्य वर सेठाणीपर्यंत गेलं असावं, कारण चार दिवसांनी फिनाईलची बाटली आली.

वाक्य खरं राहिलं नाही की काकू ते टाकून द्यायच्या. एम्प्टी शब्दाला त्यांचं वाक्य होतं, माय सिलेंडर इज एम्प्टी. आठवड्याने उजळणी चालली होती. गीता म्हणाली, "काकीजी, एम्प्टी बोलो." काकू अडल्या. "काल सिलेंडर आला. आता ते वाक्य गेलं." आम्ही वाट पाहत होतो. त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माय ब्रदर'स हाउस इज एम्प्टी." देवासला त्यांचा भाऊ वारला त्याला तेव्हा महिनाच झाला होता. मुठीत घ्यायला समोर दुसरा हातही नव्हता. त्यांनी आपलाच हात मिटला आणि पुढचा शब्द घेतला.

मला मात्र वाक्य देता यायचं नाही. चौथीनंतर मला घरी बसवलं होतं, पण कारण ते नव्हतं. शब्द मला पाठ होते. चार माणसांत आवाज निघायचा नाही, लहानपणापासूनच. ओठ हलायचे.

"सुमे," काकू म्हणायच्या, "आवाज कुठे गहाण ठेवलास गं?"

गीता म्हणायची, "इसका तो वोल्टेज ही डाउन है."

मग एक दिवस काकूंनी तेलाचा रिकामा डबा आणला, पंधरा किलोचा, वरून पूर्ण कापलेला. माझ्या मांडीवर ठेवला. "यात तोंड घाल आणि बोल. डबा कोणाला सांगत नाही." मला लाज वाटली. पण त्या हात पुढे करून बसल्या होत्या आणि सुट्टी संपत आली होती. मी डब्यात तोंड घातलं. आत खरपूस तेलाचा वास. मी म्हटलं, "माय टी इज कोल्ड." माझाच आवाज मला एवढा मोठा होऊन परत आला की मी दचकले. रोजचा माझा चहा खरंच थंड व्हायचा, कारण कप उचलायच्या आधी मी सगळ्यांनी उचलला का ते बघायची.

बाहेर पाहिलं तर बायका टाळ्या वाजवत होत्या. काकूंची मूठ कनवटीला लागलेली.

नंतर वीस दिवस मी डब्यात बोलले. मग डबा मांडीवर नुसता ठेवून बोलले. मग डबा बाजूला.

चाळीस शब्दांतला एक शब्द काकूंनी आमच्या शाळेत कधीच घेतला नाही. डेंजर घेतला. त्याचा अर्थ त्यांनी असा केला होता, "डेंजर म्हणजे अजून झालं नाही, पण होऊ शकतं. आणि झालं की..." एवढं म्हणून त्या थांबल्या आणि कागदावरचा पुढचा शब्द सोडून खालच्यावर गेल्या. गीता म्हणाली, "काकीजी, एक्सीडेंट छूट गया." "राहू दे," काकू म्हणाल्या. "तो आपल्याला येतो."

त्यांनी तो माझ्यासाठी सोडला होता.

आदल्या वर्षी मशीन नंबर दोनवर माझं डाव्या हाताचं पहिलं बोट गेलं. पूर्ण नाही, वरचं पेर. त्या मशीनचा पाकिटं सील करणारा जबडा खाली यायचा, त्याच्या पुढे लोखंडी जाळी असायची, इंग्रजीत गार्ड. सणाचा माल जास्त होता म्हणून जाळी काढून ठेवली होती. जाळी नसली की हात लवकर चालतो. काकूंनी माझा हात आपल्या पदरात गुंडाळला आणि रिक्षात माझ्याबरोबर बसल्या. सेठजी स्कूटरवर मागून आले. दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनीच केला, हेही लिहायला पाहिजे. दाराशी मला एवढंच म्हणाले, "बेटा, घर में कटी, ऐसा बोलना. तेरी नौकरी की जिम्मेदारी मेरी."

आत डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, विळीवर कापलं. डॉक्टरांनी बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही. पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला. मग थोड्या वेळाने परत ठेवला.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दीड महिना संपला. मॅडम आल्या. वरच्या मजल्यावर सेठजींच्या बैठकीत पाच-पाच जणींना बोलावत होत्या. माझ्या पाचात गीता होती, काकू होत्या, सगळ्यात शेवटी मी. काकूंनी त्या दिवशी चंदेरी साडी नेसली होती, कडेला जरा विरलेली. जिना चढताना दोनदा थांबल्या. वर सोफा होता. सेठजी म्हणाले, "बैठो बैठो, काकीजी." त्या बसल्या नाहीत. परीक्षेत उभं राहायचं असतं म्हणाल्या.

गीताला हीट आला. तिने झटकन वाक्य केलं. मधल्या दोघी अडखळल्या, पण निभावून गेल्या. मग मॅडमनी काकूंना विचारलं, "ॲक्सिडेंट."

काकूंनी अर्थ सांगितला. "डेंजर म्हणजे अजून झालं नाही ते. ॲक्सिडेंट म्हणजे झालं ते."

मॅडम खूश झाल्या. "वा. किती छान सांगितलंत. आता वाक्य?"

काकू ताठ उभ्या राहिल्या. शाळेत मुलगी कविता म्हणायला उभी राहते तशी. "सुमन'स फिंगर वॉज कट इन मशीन नंबर टू. देअर वॉज नो गार्ड."

मला त्या क्षणी काय दिसलं ते सांगते. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. सेठजी हसले. "अरे मॅडम, काकीजी उदाहरण दे रही हैं. वाक्य बनाना था ना, बना दिया."

मॅडमनी काकूंना विचारलं, "हे खरं आहे?"

"वाक्य खरंच करतो आम्ही," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. आम्ही नीट शिकलो का, एवढंच मॅडम विचारतायत असं त्यांना वाटलं असावं.

"सुमन कोण?"

चौघी माझ्याकडे वळल्या. मी डावा हात केव्हाच पदराखाली घेतला होता. मॅडम हळू बोलल्या, फार हळू. "तुमच्या बोटाला काय झालं होतं?"

माझा नवरा लोडिंग रिक्षा चालवतो, ज्या दिवशी पाठ चालू देते त्या दिवशी. दोन मुली, एक आठवीत, एक सहावीत. हे सगळं माझ्या मनात आलं असं आता लिहिणं सोपं आहे. तेव्हा मनात काही आलं नाही. फक्त सेठजींचे बूट दिसत होते.

"विळीवर कापलं," मी म्हटलं. "घरी."

"देखो," सेठजी म्हणाले.

मॅडमनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला शब्द दिला. सेफ.

मी अर्थ सांगितला. जिथे भीती नाही, ते. मग वाक्य केलं, "अवर मशीन इज सेफ." मोठ्याने, स्वच्छ आवाजात, कुठेही न थांबता. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांसमोर मी असं बोलले.

"व्हेरी गुड," सेठजी म्हणाले.

उतरताना काकू माझ्या पुढे होत्या. एक हात कठड्याला, एक गुडघ्यावर. मधल्या वळणावर थांबल्या आणि मागे वळल्या. मला वाटलं आता बोलतील, किंवा हात उगारतील. त्या म्हणाल्या, "अडखळली नाहीस हं." आणि उतरत गेल्या.

त्या हे का बोलल्या, यावर मी किती वेळा विचार केला ते मलाच माहीत. टोमणा होता असं मी काही दिवस धरून चालले. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण टोमणा मारताना त्यांची एक भुवई वर जायची, आणि तेव्हा गेली नव्हती.

आणि मुळात तसं वाक्य त्यांनी का केलं? गीता म्हणते, "अकल से पैदल है काकी, और क्या." सेठजी म्हणत होते, कोणीतरी भडकवलं. मला वाटतं, यातलं काही नव्हतं. परीक्षा म्हणजे जितकं खरं तितके मार्क जास्त, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. आठवीनंतर त्यांनी परीक्षा दिलीच नव्हती. त्या शब्दाला त्यांच्याकडे ते एकच वाक्य होतं, आणि ते त्यांनी मनात घोटून ठेवलं होतं. त्या वाक्याचं माझ्या घरी काय होईल, त्यांच्या खुर्चीचं काय होईल, हे त्यांना सुचलंच नाही. किंवा सुचलं असेल. ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी जिन्याखाली यादी लागली. माझं नाव चौथं होतं. गीताचं सातवं. काकूंचं नव्हतं. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली, मग खालून वर. एकीने म्हटलं, "काकू, सेठजींना भेटा ना, इतक्या वर्षांच्या तुम्ही." काकू म्हणाल्या, "नापास म्हणजे नापास. त्यात भेटायचं काय." आणि मिक्सचरच्या ढिगाशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात मशीन नंबर दोनवर जाळी बसली, नवी कोरी. कारखाना बंद व्हायला पंधरा दिवस राहिले होते. कोणी बसवायला लावली ते कोणी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी सेठजींनी सगळ्यांना कचोरी दिली. काकूंना साडी. त्यांनी ती घेतली, नमस्कार केला, आणि गेटपर्यंत सगळ्यांच्या हातात हात देत गेल्या. माझा त्यांनी उजवा हात घेतला.

प्लांटची बस सुदामा नगरच्या मोठ्या रस्त्याने जाते. थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी काकू फुटपाथवरून चालताना दिसल्या. गीताने खिडकीतून आरोळी मारली, "काकीजी, ओ काकीजी!" त्यांनी सगळ्या बसला हात केला. त्या तिथल्या तीन घरांत पोळ्या करायच्या. तेही उभ्यानेच. मग रोजच दिसायला लागल्या. मी खिडकी सोडून आतल्या सीटवर बसायची.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्या कोपऱ्यावर जाऊन थांबले. त्या आल्या, मला पाहून थांबल्या. पिशवीत लाटणं होतं, स्वतःचं. लोकांच्या घरचं लाटणं हाताला बसत नाही म्हणाल्या.

"काकू," मी म्हटलं, "त्या दिवशी मी..."

"राहू दे. तुझ्या घरात दोन पोरी आहेत. तू काय बोलणार ते मला माहीत होतं." मग म्हणाल्या, "तरी मला वाटलं होतं, तसं नाही बोलणार. एवढंच."

"राग आहे?"

"आहे की. विचारलंस म्हणून सांगते."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण रस्त्यावर माणसं होती. त्यांनी माझा डावा हात पकडून उजेडात धरला आणि पेराच्या जागेवरून अंगठा फिरवला. "थंडीत ठणकतं का?"

"ठणकतं."

"गरम तेल लाव. मोहरीचं." आणि लाटण्याची पिशवी सावरत निघाल्या. एक पाय टाकायचा, मग दुसरा त्याच्याजवळ आणायचा, असं चालत होत्या.

प्लांटवर आम्हाला रबरी हातमोजे मिळतात. माझ्या डाव्या मोज्याचं एक टोक रिकामं लोंबतं. फेब्रुवारीत एक दिवस मॅडम लाइनवरून जाताना माझ्यापाशी थांबल्या. त्या टोकाकडे पाहत होत्या. मला वाटलं आता विचारतील. त्या म्हणाल्या, "त्या काकू कुठे असतात आता? दुसऱ्या शिफ्टसाठी भरती आहे. या वेळी यादी मी एकटीच करणार आहे. त्यांना पाठवून द्या."

"हो," मी म्हटलं.

खोली मला माहीत होती, कारखान्याच्या मागच्या गल्लीत. कधी आत गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुलीची फी भरायची होती. मग पाहुणे आले. मग मनात यायचं, जाऊन सांगू कोणत्या तोंडाने? आता मी तुम्हाला खुर्ची देते, असं? सकाळी बसमधून त्या दिसतात का बघायची. त्या आठवड्यात त्या दिसल्या नाहीत. बसमध्ये कोणी विचारलंही नाही. अकराव्या दिवशी मी गेले.

दार उघडं होतं. आत सामान नव्हतं. एक माणूस भिंतींना चुना लावायला, पुताईला, डबा घेऊन उभा होता. शेजारची बाई म्हणाली, "खंडवा से भतीजा आया था, ले गया. घुटने बिलकुल बैठ गए थे. आठ दिन हुए." फोन नंबर तिच्याकडे नव्हता. पुतण्याचं नाव तिला माहीत नव्हतं.

मी आत पाऊल टाकलं. पुताईवाल्याने दारापासून सुरुवात केली होती. गॅसची शेगडी जिथे असावी तिथली भिंत अजून राहिली होती. ती जमिनीपासून कमरेएवढी पेन्सिलीने भरलेली होती. शब्द, पुढे मराठीत अर्थ, खाली वाक्य. आमच्या चाळीस शब्दांनंतरचेही होते. कुठून गोळा केले होते कोण जाणे, साबणाच्या कागदावरून, औषधाच्या पाकिटावरून. काही वाक्यांवर काट मारून खाली नवीन लिहिलं होतं. माय नी इज बॅड. माय नी इज व्हेरी बॅड. आय कुक इन थ्री हाउसेस. ते तीन खोडून दोन केलं होतं, मग एक.

सगळ्यात खालच्या ओळी वाचायला जमिनीवर बसायला लागलं असतं. मी वाकले. खालून दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं. इंग्रजीत, कॅपिटल अक्षरात. वाक्य त्याच्या पुढे होतं. शब्द मात्र धुराने काळा झाला होता, कोणता ते कळत नव्हतं.

"बाई, पढ़ना हो तो पढ़ लो," पुताईवाला मागून म्हणाला. "फिर मैं इधर हाथ मारूँ."

मी ते वाक्य न वाचताच उभी राहिले. तो वाट बघत होता. ब्रशमधून चुना फरशीवर ठिबकत होता.

"मारो, भिया," मी म्हटलं.

त्याने ब्रश बुडवला आणि खालूनच सुरुवात केली. चुना ओला होता, पेन्सिलीची अक्षरं त्याखालून दिसत राहिली. "ये एक हाथ में नहीं जाएगा," तो म्हणाला, "सूखने दो, दूसरा लगेगा." दुसऱ्या हातापर्यंत मी थांबले नाही.